‘डेथ ऑफ अ प्रेसिडेंट’ : न घडलेल्या हत्येचा दस्तऐवज

१९ ऑक्टोबर २००७. शिकागोतील शेरेटन हॉटेलात उद्योजकांसमोरचे भाषण आटोपून अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश बाहेर पडतात. रस्त्यावर इराक युद्धाविरोधी निदर्शकांच्या घोषणा सुरू असतात. दारालगत ताटकळलेल्या समर्थकांशी अध्यक्ष हस्तांदोलन करू लागतात आणि समोरच्या उंच इमारतीतून गोळ्या सुटतात. सुरक्षारक्षक त्यांना मोटारीत कोंबून रुग्णालयात नेतात; काही तासांतच त्यांच्या मृत्यूची घोषणा होते.

यातले काहीही प्रत्यक्षात घडले नाही. बुश यांनी जानेवारी २००९ मध्ये आपली दुसरी कारकीर्द पूर्ण केली. ही घटना आहे ‘डेथ ऑफ अ प्रेसिडेंट’ या ब्रिटिश चित्रपटातली. विशेष म्हणजे हा चित्रपट लोकांसमोर आला तो सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे कथेतल्या हत्येच्या तारखेच्या वर्षभर आधी. जिवंत आणि सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाची हत्या त्याच्या खऱ्या नावानिशी व खऱ्या चेहऱ्यानिशी पडद्यावर दाखविणारा हा चित्रपट त्या वर्षीचा सर्वाधिक वादग्रस्त चित्रपट ठरला नसता तरच नवल. मात्र वाद झाला तो हत्येच्या दृश्यावरून. चित्रपटाचा खरा विषय होता हत्येनंतरचा तपास, आणि त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले.

चित्रपट आणि त्याचे कर्ते

दिग्दर्शक गेब्रिएल रेंज आणि त्यांचे सहलेखक सायमन फिंच यांनी हा चित्रपट ब्रिटनच्या ‘चॅनेल फोर’ समूहातील ‘मोअर फोर’ या वाहिनीसाठी तयार केला. ‘न घडलेल्या घटनेचा माहितीपट’ हा प्रकार रेंज यांना नवा नव्हता. २००३ मध्ये त्यांनी बीबीसीसाठी ‘द डे ब्रिटन स्टॉप्ड’ हा चित्रपट केला होता. देशाची वाहतूक व्यवस्था एका दिवसात कोलमडून पडली तर काय होईल, याची ती कल्पित हकिकत होती, आणि तीही घटना घडून गेल्यानंतर केलेल्या माहितीपटाच्या थाटात सांगितलेली.

‘डेथ ऑफ अ प्रेसिडेंट’चा पहिला खेळ सप्टेंबर २००६ मध्ये टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात झाला. महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव सुरुवातीला केवळ ‘डी.ओ.ए.पी.’ अशा आद्याक्षरांत छापले होते. नावाचा उलगडा होताच वृत्तसंस्थांची झुंबड उडाली. तेथे त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचे पारितोषिक मिळाले. ९ ऑक्टोबर २००६ रोजी तो ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर दाखविला गेला आणि २७ ऑक्टोबरला अमेरिकेतील चित्रपटगृहांत पोहोचला. पुढच्या वर्षी त्याला दूरचित्रवाणी चित्रपटासाठीचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला.

कथानक : आधी निष्कर्ष, मग पुरावा

हत्येनंतर काही काळाने तयार झालेला एक गंभीर माहितीपट आपण पाहत आहोत, अशी चित्रपटाची रचना आहे. अध्यक्षांच्या निकटवर्तीय सल्लागार, सुरक्षा पथकाचा प्रमुख, एफबीआयचा तपास अधिकारी, न्यायवैद्यक तज्ज्ञ, निदर्शक, संशयितांचे नातेवाईक अशी माणसे एकामागून एक कॅमेऱ्यासमोर बसून आठवणी सांगतात. मधूनमधून बातम्यांची चित्रफीत, सुरक्षा कॅमेऱ्यांतील धूसर दृश्ये आणि छायाचित्रे दिसतात.

गोळ्या सुटल्यानंतर पहिल्या तासातच धरपकड सुरू होते. पळताना दिसलेला माणूस, निदर्शनांतील आक्रमक कार्यकर्ता, हल्ल्याच्या ठिकाणाजवळ काम करणारे कर्मचारी, अशी संशयितांची यादी वाढत जाते. अखेर तपासयंत्रणा एका नावावर येऊन थांबते. जमाल अबू झिक्री हा सीरियात जन्मलेला संगणक क्षेत्रातील व्यावसायिक. गोळ्या सुटल्या त्याच इमारतीत तो कामाला आहे. बंदुकीवर मिळालेला बोटाचा अर्धवट ठसा त्याच्या ठशाशी जुळतो असे सांगितले जाते. पूर्वी अफगाणिस्तानातील एका प्रशिक्षण छावणीत तो गेला होता, हेही उघड होते. एवढे झाल्यावर बाकीच्या शंका आपोआप मागे पडतात.

दरम्यान, उपाध्यक्ष डिक चेनी यांनी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतलेली असतात. हत्येमागे सीरियाचा हात आहे काय, याचे उत्तर वॉशिंग्टनला हवे असते. नेमके सांगायचे तर ‘आहे’ हे उत्तर हवे असते. नागरिकांवर पाळत ठेवण्याचे अधिकार वाढविणारा तिसरा ‘पेट्रियट’ कायदा पुढे रेटला जातो. झिक्रीवर खटला चालतो आणि त्याला देहदंडाची शिक्षा होते.

आणि मग दुसरा माणूस समोर येतो. अल क्लेबॉन हा १९९१ च्या आखाती युद्धात लढलेला कृष्णवर्णीय माजी सैनिक. त्याचा मुलगा डेव्हिड इराकमध्ये मारला गेला आहे. हत्येनंतर क्लेबॉनने स्वतःचे जीवन संपविले आहे. जाण्यापूर्वी दुसऱ्या मुलासाठी, केसीसाठी, त्याने मागे ठेवलेल्या पत्रात मुलाच्या मृत्यूचा दोष अध्यक्षांवर ठेवलेला आहे. त्याच्याकडे अध्यक्षांच्या त्या दिवसाच्या दौऱ्याचा गोपनीय तपशीलही सापडतो. देशासाठी लढलेला, देशावर श्रद्धा असलेला आणि त्याच श्रद्धेने मोडून पडलेला हा माणूस म्हणजेच खरा मारेकरी, हे प्रेक्षकाला कळून चुकते. पण झिक्री सुटत नाही. फेरसुनावणी लांबत राहते. चित्रपट संपतो तेव्हाही तो मृत्युदंडाच्या कोठडीतच असतो.

म्हणजे ज्याला कट म्हणून शोधले गेले तो कट नव्हताच. होता तो एका बापाचा सूड. कट असावा ही गरज मात्र खरी होती, आणि त्या गरजेला साजेसा माणूस सापडल्यावर शोध थांबला.

ठशाची गोष्ट कल्पित नव्हती

बोटाच्या अर्धवट ठशाचा तपशील लेखकांनी केवळ रंजकतेसाठी घातला आहे असे वाटू शकेल. तथापि, त्यामागे ताजा संदर्भ होता. ११ मार्च २००४ रोजी स्पेनमधील माद्रिद येथे रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. घटनास्थळाजवळ सापडलेल्या एका पिशवीवरील ठसा ओरेगॉन राज्यातील एका वकिलाचा असल्याचा निर्वाळा एफबीआयच्या तज्ज्ञांनी दिला. त्या वकिलाने इस्लाम धर्म स्वीकारलेला होता. मे महिन्यात त्याला ताब्यात घेण्यात आले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही ठसा त्याचाच असल्याचे सांगितले. अखेर स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन नागरिकाचा असल्याचे दाखवून दिले, तेव्हा सुमारे दोन आठवड्यांनी त्याची सुटका झाली. एफबीआयने माफी मागितली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने २० लाख डॉलरची भरपाई मान्य केली. चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

शिकागोची निवडही अर्थपूर्ण म्हणावी लागेल. हे शहर ज्या इलिनॉय राज्यात आहे, त्या राज्यात १९७७ मध्ये मृत्युदंड पुन्हा लागू झाल्यापासून १२ जणांना ती शिक्षा देण्यात आली. त्याच काळात मृत्युदंड ठोठावलेले १३ जण निर्दोष ठरून बाहेर आले. हा हिशेब समोर आल्यावर राज्यपाल जॉर्ज रायन यांनी जानेवारी २००० मध्ये शिक्षेच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली आणि जानेवारी २००३ मध्ये पद सोडताना दीडशेहून अधिक कैद्यांची फाशी टाळली. २०११ मध्ये राज्याने ही शिक्षाच रद्द केली. झिक्रीचा खटला काल्पनिक असला, तरी चुकीच्या माणसाला मृत्यूच्या दारापर्यंत नेण्याचा अनुभव त्या भूमीला नवा नव्हता.

त्याहून मोठा संदर्भ अर्थातच इराकचा. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे मांडून इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचा दावा केला. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. तसे अस्त्रसाठे सापडलेच नाहीत. निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, हा क्रम चित्रपटाने वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतूनच उचललेला होता.

खोटे खरे कसे झाले

चित्रपटाचा परिणाम त्याच्या तंत्रावर उभा आहे. बुश यांच्या खऱ्या चित्रफिती आणि नव्याने चित्रित केलेली दृश्ये यांची बेमालूम जुळणी करण्यात आली. गोळी लागण्याच्या क्षणी दिसणारे शरीर नटाचे, तर चेहरा संगणकाच्या साहाय्याने बसविलेला बुश यांचा आहे. अध्यक्षांच्या अंत्यविधीत चेनी श्रद्धांजली वाहताना दिसतात. ते चित्रण जून २००४ मध्ये निधन पावलेल्या माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या अंत्यविधीच्या वेळचे. शब्द तेच, व्यासपीठ तेच, फक्त मृत व्यक्ती वेगळी.

मुलाखती देणाऱ्या पात्रांसाठी फारसे परिचित नसलेले नट निवडण्यात आले. ते अडखळतात, वाक्य अर्धवट सोडतात, एखाद्या प्रश्नावर गप्प बसतात. नाट्यमय संवादफेक कुठेही नाही. कॅमेराही कधी उशिरा पोहोचतो, कधी हलतो, कधी नेमके पाहायचे तेच त्याच्या चौकटीबाहेर राहते. माहितीपट पाहण्याची आपली जी सवय असते, तिचाच येथे वापर केलेला आहे.

याच ठिकाणी चित्रपट प्रेक्षकाला अडकवतो. पडद्यावरील ज्यूरी झिक्रीला दोषी ठरविते तेव्हा आपल्याला ती घाई खटकते. पण पहिल्या तासाभरात आपणही त्याच धूसर चित्रफिती, त्याच अर्धवट ठशावर आणि त्याच गंभीर आवाजातील तज्ज्ञांवर विश्वास ठेवलेला असतो. बातमीसारखे दिसते म्हणून ते खरे मानण्याची ओढ किती प्रबळ असते, हे सांगण्यासाठी या कथेला माहितीपटाचेच रूप आवश्यक होते. साध्या कथापटातून ते साधले नसते.

वादळ

अमेरिकेतील प्रतिक्रिया तीव्र होत्या. ‘रीगल’ आणि ‘सिनेमार्क’ या मोठ्या चित्रपटगृह साखळ्यांनी चित्रपट दाखविण्यास नकार दिला. ‘सीएनएन’ वृत्तवाहिनी आणि ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ यांनी त्याच्या जाहिराती स्वीकारल्या नाहीत. डेमोक्रॅटिक पक्षाच्या तत्कालीन सिनेटर हिलरी क्लिंटन यांनीही त्याचा कठोर शब्दांत निषेध केला. व्हाइट हाउसने त्यावर भाष्य करण्याचे टाळले. ७ नोव्हेंबर २००६ च्या मध्यावधी निवडणुकांना दीड आठवडा उरला असताना चित्रपट प्रदर्शित झाल्याने त्यामागील हेतूविषयीही शंका घेतल्या गेल्या.

आक्षेपांत तथ्य नव्हते असे नाही. लिंकन (१८६५), गारफिल्ड (१८८१), मॅकिन्ली (१९०१) आणि केनेडी (१९६३) असे चार अध्यक्ष हत्येत गमावलेल्या देशात हा विषय केवळ कल्पनाविलासाचा राहत नाही. अध्यक्षांना ठार मारण्याची धमकी देणे हा तेथे १९१७ पासून संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मात्र खरी धमकी आणि राजकीय अतिशयोक्ती यांत फरक केला पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्पष्ट केले होते. त्यामुळे चित्रपटावर सरकारी बंदी आली नाही. नकार दिला तो व्यावसायिकांनी.

काल्पनिक अध्यक्ष का दाखविला नाही, हा प्रश्न कर्त्यांना वारंवार विचारला गेला. त्यांचा युक्तिवाद असा, की चित्रपट ‘दहशतवादविरोधी युद्धा’च्या परिणामांविषयी आहे, आणि नाव बदलले तर तो संदर्भच पुसला जाईल. हा खुलासा सर्वांना पटला नाही. जिवंत माणसाच्या मृत्यूचे आमिष दाखवून लक्ष वेधले आणि मग विवेकाच्या गोष्टी केल्या, अशी टीका झाली. हत्येनंतरचा भाग संथ आणि अपेक्षित वळणांचा असल्याचे काही समीक्षकांनी नोंदविले. एवढ्या गदारोळानंतरही अमेरिकेत चित्रपटाचे उत्पन्न सुमारे पाच लाख डॉलरवरच थांबले. ज्यांनी त्याच्यावर टीका केली, त्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिला नव्हता, असा याचा एक अर्थ निघतो.

एक जुनी परंपरा

कल्पिताला वृत्ताचा वेश चढविण्याची रीत जुनी आहे. ऑर्सन वेल्स यांनी ३० ऑक्टोबर १९३८ रोजी मंगळावरून आलेल्या आक्रमकांची कथा रेडिओवर बातमीपत्राच्या रूपात सादर केली होती. दिग्दर्शक पीटर वॉटकिन्स यांनी १९६५ मध्ये बीबीसीसाठी केलेल्या ‘द वॉर गेम’मध्ये ब्रिटनवरील अणुहल्ला माहितीपटाच्या शैलीत दाखविला. बीबीसीने तो तब्बल वीस वर्षे, १९८५ पर्यंत प्रक्षेपित केला नाही. गंमत अशी, की न घडलेल्या घटनेच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

राजकीय हत्या आणि कट या विषयाला केनेडी यांच्या हत्येने वेगळेच परिमाण दिले. एका सामान्य नागरिकाच्या कॅमेऱ्याने टिपलेली अवघ्या २६ सेकंदांची चित्रफीत जगभर पुन्हा पुन्हा पाहिली गेली. १९६४ मध्ये वॉरन आयोगाने ली हार्वे ऑस्वाल्ड हा एकटाच मारेकरी असल्याचे सांगितले. १९७९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने, मुख्यतः ध्वनिमुद्रणाच्या आधारे, कट असण्याची शक्यता वर्तविली. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने तो ध्वनिपुरावाच अमान्य केला. पुरावा जसजसा बारकाईने तपासला गेला, तसतशी खात्री वाढण्याऐवजी संशयच वाढत गेला. ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘जेएफके’ (१९९१) या चित्रपटाने खरी व रचलेली दृश्ये एकत्र मिसळली. त्यानंतर उठलेल्या चर्चेचा परिणाम म्हणून १९९२ मध्ये हत्येसंबंधीचे दस्तऐवज खुले करण्याचा कायदा झाला.

याच संशयातून २००२ मध्ये दोन बनावट माहितीपट निघाले. नील बर्गर यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द असॅसिन’मध्ये एक निवृत्त मरीन सैनिक शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर केनेडींवर गोळी झाडणारा दुसरा बंदूकधारी आपणच असल्याची कबुली देतो. ब्रायन फ्लेमिंग यांच्या ‘नथिंग सो स्ट्रेंज’मध्ये मायक्रोसॉफ्टचे संस्थापक बिल गेट्स यांची लॉस एंजेलिसमध्ये हत्या होते आणि नागरिकांचा एक गट सत्याचा शोध घेऊ लागतो. या दोन्ही चित्रपटांत सरकारी कथनावर विश्वास नसलेली माणसे कट शोधतात. ‘डेथ ऑफ अ प्रेसिडेंट’मध्ये हे नेमके उलटे झाले आहे. येथे कट हवा आहे तो सरकारला.

मुंबईतील समांतर प्रश्न

चित्रपट आणि न्यायदान यांच्यातील ताणाचा अनुभव त्याच सुमारास मुंबईनेही घेतला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरील अनुराग कश्यप दिग्दर्शित ‘ब्लॅक फ्रायडे’ तयार असूनही प्रदर्शित होऊ शकला नव्हता. खटला सुरू असताना पडद्यावर आरोपींना दोषी दाखविले तर निकालावर परिणाम होईल, ही आरोपींची हरकत उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली. विशेष टाडा न्यायालयाचे निकाल आल्यानंतर, फेब्रुवारी २००७ मध्ये तो प्रदर्शित झाला. ‘ब्लॅक फ्रायडे’ खऱ्या घटनेवरचा कथापट आणि ‘डेथ ऑफ अ प्रेसिडेंट’ कल्पित घटनेचा माहितीपट. पण चिंता एकच होती. पडद्यावरील खात्रीशीर चित्र न्यायालयाआधीच निकाल देऊन टाकते काय? मुंबईत हा प्रश्न आरोपींनी विचारला. अमेरिकेत तो खुद्द चित्रपटानेच विचारला होता, फक्त तेथील चर्चेत तो कुणाच्या कानी पडला नाही.

आज मागे वळून पाहताना

२००६ मध्ये एका माणसाचा चेहरा दुसऱ्याच्या शरीरावर बसविण्यासाठी तज्ज्ञांचे पथक लागत होते. आज ते काम हातातल्या मोबाइलवर होते. त्या काळी प्रेक्षकाला आपण चित्रपट पाहत आहोत हे निदान तिकीट काढताना ठाऊक असे. आज येणाऱ्या चित्रफितीला असे तिकीटही नसते.

१३ जुलै २०२४ रोजी पेनसिल्व्हेनियातील बटलर येथे प्रचारसभेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर छपरावरून गोळीबार झाला, तेव्हा अधिकृत यंत्रणांनी हल्लेखोराचे नाव जाहीर करण्यापूर्वीच भलत्याच व्यक्तींची नावे आणि छायाचित्रे समाजमाध्यमांवर ‘मारेकरी’ म्हणून फिरली. त्यांचा घटनेशी काहीही संबंध नव्हता. चित्रपटातील पहिल्या तासातली धरपकड आता पोलिसांशिवायही होऊ शकते.

बुश यांच्या हत्येचे भाकीत म्हणून या चित्रपटाला काही अर्थ नव्हता आणि तसा त्याचा दावाही नव्हता. त्याने वर्तविले ते वेगळेच. मोठा आघात झाला की समाजाला उत्तर हवे असते, ते लवकर हवे असते, आणि शक्यतो आपल्यापैकी नसलेल्या माणसाच्या रूपात हवे असते. खरे उत्तर नंतर सापडलेच, तर ते ऐकायला फारसे कोणी थांबलेले नसते. चित्रपटाच्या अखेरीस खरा मारेकरी कोण हे सर्वांना ठाऊक आहे, कायदा बदललेला आहे, देश पुढे गेलेला आहे. मागे उरली आहे ती झिक्रीची पत्नी, कॅमेऱ्यासमोर बसून पतीच्या सुटकेची वाट पाहणारी.